मेव्हणीची झोप आणि पिवळं भांडं

…नाही, नाही, मुलांना घेऊन सुट्टीला कसं जावं हे आता मला कुणी शिकवू नका! पाण्याची बाटली हाताशी ठेवा म्हणे, वाटेत थांबत थांबत जा म्हणे, मुलांच्या ओळखीची एखादी वस्तू बरोबर घ्या म्हणे... ही शेवटची युक्ती ज्या महाभागाने शोधून काढली ना, तो मला एकदा भेटू दे, त्याला आमच्या साडूभाऊंच्या टेम्पोत बसवून आणतो, मग बोला! साडूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. लोकांची घरं हलवून द्यायचा धंदा. आजवर गिऱ्हाइकाचा एक कप फुटला नाही की बशीचा टवका उडाला नाही, आणि तुम्हाला सांगतो, असा हा माणूस दोन पोरं घेऊन समुद्रावर जायला निघाला आणि निम्म्या वाटेतच त्याची सगळी विद्या ओली व्हायची वेळ आली. का? तर सामानाला शू लागत नाही हो!

आता मुळात ही सुट्टी कुणासाठी? पोरांसाठी? छे! मेव्हणीच्या झोपेसाठी. मेव्हणी शाळेत शिकवते, आणि धाकटा झाल्यापासून, म्हणजे गेली अडीच वर्षं, ती सलग अशी झोपलेलीच नाही. तो रात्री उठून गप्पा मारतो. हसू नका, गप्पा मारतो! "आई, भिंत का आहे?" यावर आता तुम्ही काय सांगणार? परवा परीक्षेला देखरेख करता करता ही वर्गात उभ्या उभ्या झोपली, पोरांनी पेपर लिहिला, आपसात पडताळून पाहिला, बांधून टेबलावर ठेवला आणि मग जाताना पोरं हळूच म्हणाली, "बाई, आम्ही निघू का?" त्या संध्याकाळी मेव्हणी घरी आली, चपला न काढता खुर्चीत बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, या सुट्टीत मला झोप मिळाली नाही ना, तर परत येताना मी माहेरी उतरणार आहे. एकटी. पोरं तुमच्याकडे."

ओरडली असती तर साडूभाऊ घाबरले नसते हो! पण इतक्या शांतपणे? "अगं, तू फक्त झोपायचं, बाकी माझ्यावर सोड," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि मग कुठंसं ते वाचलं, मुलं परक्या जागी झोपत नाहीत, ओळखीची एखादी वस्तू बरोबर घ्या. साडूभाऊ म्हणाले, एखादी? एखादी का? टेम्पो आपला, दोर आपले, खोकी आपली... सगळंच घेऊ की!

आणि घेतलं! पलंग घेतला, पोरांची गादी घेतली, कपाट घेतलं, जेवायचं टेबल, पडदे, दारातलं पायपुसणं, शेगडी, सगळं! समुद्रावरच्या लॉजवाल्याला फोन, "आमची खोली रिकामी करून ठेवा." तो बिचारा विचारतोय, "साहेब, राहायला येताय की कब्जा घ्यायला?" आणि भरलं कसं? धंद्याच्या शिस्तीत! खोल्याखोल्यांप्रमाणे. या खोक्यावर 'झोपायची खोली', त्यावर 'स्वयंपाकघर', आणि नव्या घरात जे शेवटी लागणार ते टेम्पोत सगळ्यात आधी, पार आत. नव्या घरात शेवटी काय लावतात? बाथरूम. म्हणजे 'बाथरूम' लिहिलेलं खोकं सगळ्यात आत, ड्रायव्हरच्या पाठीला टेकून, वर तीन पदरी चिकटपट्टी. चोख काम! फक्त एकच गोष्ट साडूभाऊ विसरले, की प्रवासात खोल्या नसतात, आणि सामानाला शू लागत नाही!

आणि त्या 'बाथरूम'मध्ये काय होतं माहीतंय? धाकट्याचं भांडं! पिवळं, पुढे बदकाचं तोंड असलेलं. धाकटा नुकताच शहाणा झालेला, पण त्याचा बाणा असा की शू करीन तर बदकावर. झाडामागे नाही, नाल्यात नाही, आजोबांच्या घरी तर त्याने अख्खी दुपार कळ काढली होती, शेवटी बदक मागवावं लागलं!

तर निघाले. आणि काय चमत्कार, गाव मागे पडतंय तोच मेव्हणीने खिडकीला डोकं टेकलं आणि झोपली! झोपली म्हणजे कशी? तोंड उघडं, हात लोंबतोय, बारीकसं घोरतेय... साडूभाऊंना तो आवाज सनईसारखा वाटला. तासभर त्यांनी श्वास जपून घेत गाडी चालवली, थोरल्या पोरीला खुणेनं गप्प बसवलं, मनात म्हणतायत, जिंकलो, माहेर टळलं... आणि शेजारून हळूच आवाज आला, "बाबा. बदक."

झालं! रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान होतं, मागे मोठं झाड, सपाट मोकळी जागा, तिथे साडूभाऊंनी टेम्पो असा थांबवला, असा थांबवला, जणू दुधाचं पातेलं उतरवतायत. पोरांना आपल्या बाजूनं उतरवलं. दार लावलंच नाही, आवाज होईल! "राजा, त्या झाडाला करतोस का रे पाणी? झाडाला तहान लागलीय बघ." धाकटा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणतो, "बदक!" थोरली कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाबा, तो ऐकणार नाहीये. तुम्ही आपलं काढा." काढा! अहो, घर होतं ते आत, घर!

पण करणार काय? आख्खा टेम्पो एकट्यानं उतरवायचा, घाईनं उतरवायचा, आणि आवाज न करता उतरवायचा! साडूभाऊंनी कपाट पाठीवर घेतलं आणि मांजराच्या पावलानं उतरवलं. पलंगाच्या फळ्या उतरवल्या. तेवढ्यात पंक्चरवाला बाहेर आला, घसा म्हणजे फुटका कर्णा, "ओ पाव्हणं, दुकान टाकताय का..." "श्श्श!" साडूभाऊंनी टेम्पोच्या खिडकीकडे बोट केलं. "बायको झोपलीय. अडीच वर्षांनी." पंक्चरवाल्याने खिडकीकडे पाहिलं, हातातला हातोडा गवतावर अलगद ठेवला आणि मुकाट्यानं टेबलाचं दुसरं टोक धरलं. मग छत्रीवाल्या एक बाई थांबल्या, "कपाट कितीला देणार?" "श्श्श!" "बरं, कितीला देणार?" त्या कुजबुजल्या. बाई कुजबुजून घासाघीस करतायत, पोरगा नाचतोय, माणसं जमतायत, आणि साडूभाऊंचा एक डोळा सारखा त्या खिडकीवर! आजवर शेकडो घरं हलवली, पण असा घाम कधी फुटला नव्हता. फुटेल कसा? सामानाला शू लागत नाही!

मग आला वाहतूक पोलीस. मिशा, शिट्टी, छाती पुढे. "काय चाललंय हे? रस्त्यावर संसार मांडलाय?" शिट्टी तोंडाकडे नेली... आणि साडूभाऊंनी हात जोडले, नुसतं खिडकीकडे पाहिलं. पोलिसाने डोकावून पाहिलं. "किती दिवस झोपल्या नाहीत?" "धाकटा झाल्यापासून." पोलिसाने शिट्टी खिशात घातली. टोपी काढली. म्हणाला, "मला जुळी आहेत." आणि तुम्हाला सांगतो, खोटं वाटेल, वाटू द्या, पण तो माणूस वळणावर जाऊन ओठांवर बोट ठेवून उभा राहिला आणि हे एवढाले ट्रक, हॉर्न न वाजवता, इंजिन बंद करून, उतारावरनं नुसते घरंगळत गेले!

शेवटी खोकं निघालं. पण चिकटपट्टी! ती ओढली की चर्रर्र होणार. साडूभाऊ किल्लीनं कापतायत, कणाकणानं, सगळी गर्दी श्वास रोखून... उघडलं! आणि आत बदक कसं? बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, काचेचं झुंबर असल्यासारखं! धाकट्यानं ते बुडबुडे पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "फोडायचं!" "राजा, आधी शू." "आधी फोडायचं." एक फोडला. फट्! खिडकीत मेव्हणीची भुवई हलली. साडूभाऊंना तर माहेरचं फाटक दिसायला लागलं! त्यांनी पोराला तसाच उचलला, प्लास्टिकसकट बदकावर ठेवला आणि डोळे मिटले.

पंक्चरवाला वाकून कान देतोय. छत्रीवाल्या बाईंनी छत्री मिटली. काही नाही... अजून काही नाही... आणि मग, अहाहा! एखादा नळ दोन दिवसांनी यावा तसा आवाज! संपेचना! लोकांच्या डोळ्यांत पाणी, टाळ्या वाजवायच्या तर आवाज होईल म्हणून सगळे नुसते हात हवेत हलवतायत, पोलीस तिकडून अंगठा दाखवतोय, आणि खिडकीत मेव्हणीनं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली. साडूभाऊ मटकन पायपुसण्यावर बसले. इतकं हलकं त्यांना लग्न झाल्यावरही वाटलं नव्हतं!

पण आता? भरायचं कसं? आणि भरलं तरी त्यांचा टेम्पो सुरू होताना म्हातारा बैल खोकल्यासारखा खोकतो, ती उठणारच. साडूभाऊंनी डोकं खाजवलं. आणि तुम्हाला सांगतो, सवयीचा हात! सामान उतरलेलं दिसलं की तो लावायलाच लागतो. झाडाखाली पलंग जोडला, डाव्या हाताला कपाट, घरी असतं तसंच, फांदीला दोर बांधून पडदे, पुढे पायपुसणं. थोरली गिऱ्हाइकासारखी हुकूम सोडतेय, "टेबल थोडं तिकडे... अजून... हां, बास." पंक्चरवाल्यानं पाणी भरून दिलं. दोन्ही पोरं आपल्या ओळखीच्या गादीवर पडली आणि पडल्या पडल्या झोपली, म्हणजे ती युक्ती खरीच होती म्हणायची!

संध्याकाळी मेव्हणी अर्धवट झोपेत टेम्पोतून उतरली, डोळे मिटलेलेच, सवयीनं पायपुसण्यावर पाय पुसले, कपाटाला वळसा घातला आणि पलंगावर आडवी झाली. उठली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. वर पानं, बाजूला पडदे, पोरं टायरमध्ये बसून घसरतायत. म्हणाली, "पोहोचलो का हो?"

साडूभाऊंनी फांदीवरचा पडदा सारखा केला. "हो... पोहोचलो."

तिनं आळस दिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मागून एक टँकर आवाज न करता घरंगळत गेला. "किती शांत आहे हो इथं! मला वाटलं होतं तुम्ही कुठंतरी समुद्रावर नेणार, लाटांचा नुसता गोंगाट." आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं. माहेराचा म शब्दसुद्धा काढला नाही! साडूभाऊंनी दुकानामागे जाऊन लॉजवाल्याला फोन केला, "येत नाही, जागा बदलली," आणि पंक्चरवाल्याच्या गळ्यात पडून रडले.

तेव्हापासून दर सुट्टीत तिथंच! दुसरीकडे जायचं नावच नाही. आणि मेव्हणीच्या गालांवर आलेली ती तुकतुकी बघून यंदा आमच्या हिनंही हट्ट धरलाय, "ताजेपणा बघा तिचा! आपणही जायचं." मी म्हटलं, "अगं, आपली पोरं नोकरीला लागली, तुला झोपायला कोण अडवतंय?" तर म्हणाली, "तुमचं बोलणं." तर... तुमच्याकडे पाना आहे का हो, पाना? पलंग खोलायचाय.