खालची बाजू

(थोरली बहीण ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. धाकटी प्रयोगशाळेतून फोनवर.)

धाकटी : ताई, ते पाकीट फोडलंस का?

थोरली : कुठलं? अगं, पेशंटला भूल दिलीये, डॉक्टर हात धुतायत. आत्ता फोन करतात का?

धाकटी : आमच्याकडून आलेलं, हाडाच्या पोकळीत बसवायच्या जाळीचं. फोडलंस का ते सांग आधी!

थोरली : नाही. समोरच आहे. लेबलवर सही तुझीच आहे. का गं?

धाकटी : मला आठवत नाहीये, मी ती जाळी उलटली होती की नाही.

थोरली : म्हणजे?

धाकटी : ती मुळात प्लॅस्टिकसारखी असते, पाणी धरत नाही. मग हाडाच्या पेशीही नीट चिकटत नाहीत. म्हणून प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूच्या मशीनमध्ये ठेवून तिचा पृष्ठभाग बदलतो. चार मिनिटं एक बाजू, मग उलटायची, चार मिनिटं दुसरी.

थोरली : वहीत खूण करतेस ना?

धाकटी : दोन्ही खुणा आहेत. पण त्या मी सुरुवातीलाच करून टाकते. मध्येच लिहायचं म्हणजे हातमोजे बदला, परत घाला... आज सकाळी तशीच खूण करताना हात थबकला. परवा पहिली बाजू झाली आणि तुझा फोन आला. आईच्या रिपोर्टचा.

थोरली : घाल, आता दोषही माझ्यावर घाल.

धाकटी : तसं नाही गं. फोन ठेवला, त्यानंतरचं डोळ्यांसमोर येतंय ते एकदम पाकीट बंद करतानाचं. मधलं काहीच नाही.

थोरली : हे बघ, नऊ वर्षं हेच करतेयस. हाताला सवय असते. उलटलीच असशील.

धाकटी : आणि नसेल तर?

थोरली : तर काय होईल?

धाकटी : आत्ता काहीच नाही. टाके सुकतील, पेशंट काठी घेऊन चालायला लागेल. जाळी दोनेक वर्षांत विरघळते. तोवर तिच्या जागी हाड यायला हवं. एका बाजूने हाडाने धरलंच नाही, तर नडगीत पुन्हा पोकळी. कशामुळे, ते कुणाला कळणारही नाही.

थोरली : कुणालाच नाही?

धाकटी : ताई!

थोरली : घाबरलेय गं मी. नोकरी जाईल तुझी. आणि हा रंगारी शिडीवरून पडल्यापासून तिसऱ्यांदा या टेबलावर आलाय...

डॉक्टर : सिस्टर, कुणाशी बोलताय?

थोरली : लॅबचा फोन आहे, सर. ही जाळी एकाच बाजूने तयार झाली असावी म्हणतायत.

डॉक्टर : असावी? स्पीकरवर घ्या. नक्की काय ते सांगा.

धाकटी : नक्की माहीत नाही, सर. पण तपासता येईल. पाकिटावर बाण आहे ती वरची बाजू. खालच्या बाजूवर सलाइनचा एक थेंब टाका. आत शोषला गेला तर जाळी चांगली आहे, लगेच वापरा.

डॉक्टर : आणि नाही गेला तर?

धाकटी : तर चूक माझी.

डॉक्टर : सिस्टर, फोडा. सांभाळून. जाळी मी धरतो.

थोरली : वरच्या बाजूला टाकलाय. गेला गं, लगेच गेला आत!

धाकटी : ती बाजू नको. खालची.

थोरली : हो, उलटतायत.

धाकटी : ताई? काय झालं? गेला आत?

थोरली : तसाच आहे.

धाकटी : थोडं थांब. अर्धा मिनिट.

थोरली : थांबलेय. गोल बसलाय नुसता. जाळी तिरकी केली तर घरंगळतोय.

डॉक्टर : पुरे. कंबरेचं हाड काढून लावता आलं असतं, पण त्यासाठी संमती घेतलेली नाही. उठवा पेशंटना. बाहेर त्यांची बायको बसलीये, मी बोलतो तिच्याशी.

धाकटी : सर, थोडं थांबाल? मी येते. वीस मिनिटांत पोहोचते.

डॉक्टर : येऊन काय करणार तुम्ही?

धाकटी : मला भीती वाटतेय, सर. पण ते त्यांच्या बायकोला मीच सांगायला हवं.

थोरली : ये तू. मी खाली दाराशी थांबते.