बिमाराचं फळ

सफरचंदावरून आठवलं, सांगतेच तुमाले. आमच्या मामाजींचा पाय मोडला, तवा भेटाले येणारा हरेक जण सफरचंदंच घेऊन आला. पाय बरा झाला, पण मामाजी एक फोड तोंडात घालेनात.

"ते बिमाराचं फळ हाय. मी काय बिमार हाओ?"

फेकणं माह्या जिवावर आलं. मंग मी सगळ्याचा रस काढला अन् गूळ टाकून चकचकीत पाक होईलोक आटवला. अर्धा शंकरपाळ्यांवर घातला, अर्ध्यात तिखट टाकून वांग्याच्या भज्यांवर. मामाजींनी ताट पुसून साफ केलं.

"सूनबाई, कायचा पाक हाय?"

"बिमाराच्या फळाचा, मामाजी!"

दुसऱ्या दिवशी कारंज्याचे पाहुणे आले. त्यांच्या हातात पिशवी दिसली, तसे अंगणात फिरणारे मामाजी लगबगीनं खाटेवर आडवे झाले.

"अरे बापा, पाय लय ठणकून राह्यला!"