डोक्यावरचं पाणी

बावन्न सालची गोष्ट. पापडी गावच्या दवाखान्यात ऑगस्टीन टोपी चुरगाळत बाकावर बसला होता. शेजारच्या दोघी त्याला ओळखत नव्हत्या.

“गास गावची लुसी आत हाय. सुईनीकडनं पोट पाडून घेतलं.”

“पाप नाय का गो ते?”

“पाचव्या बाळंतपनात मरता मरता वाचली. पुन्ना राहिलं तर जाशील, असं डॉक्टर बोललेला.”

“मग नवऱ्यानं सोताला आवरायचं ना!”

“तो म्हनाला, देवाची मर्जी. आन रातीला आतनं दार लावलं.”

“आन त्या जिवाचं?”

“बाप्तिस्म्याबिगर जाऊ नये म्हनून लुसीनंच त्याच्या डोक्यावर पानी घातलं. नावपन ठेवलं. सुईन सांगत व्हती.”

“म्हंजे जीव हाय, ते ठाऊक व्हतं तिला.”

“तिलाच ठाऊक व्हतं.”

नर्स बाहेर आली. “लुसीचा नवरा कोण आहे?”

दोघींनी इकडेतिकडे पाहिलं.

टोपी चुरगाळत ऑगस्टीननंही इकडेतिकडे पाहिलं.