सारखे दिसणारे व्हिडिओ

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंच्या शेजारी एक म्हातारी डोळ्यांत थेंब घालून, पापण्या मिटून बसली होती. तिचा मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता.

“थोरल्याला जाऊन वर्ष नाही झालं, आणि टीव्हीवर त्याचा एक व्हिडिओ लागेना. सगळे तुझेच!”

“क्लाउडवरची जागा संपत आली होती, आई. सारखे दिसणारे व्हिडिओ काढून टाकू का, असं अ‍ॅपनं विचारलं. मी हो म्हटलं.”

“सारखे कसे?”

“बाबा दोघांचं शूटिंग वेगवेगळं करायचे ना? तोच झोपाळा, तोच शर्ट. जुळे आम्ही. अ‍ॅपला वाटलं, एकच पोरगं दोनदा आलंय.”

“मग कॅसेटवरून परत घाल.”

“त्या अपलोड झाल्यावर भंगारात दिल्या.”

“अरे, त्याचा आवाज तेवढ्यातच होता रे.”

“थांब, एक राहिलाय बघ. सायकलवरून पडतो तो.”

“लाव. दिसत नसलं तरी ऐकते.”

शिंपीणबाईंनी न राहवून डोकावलं. पडलेल्या पोराची हनुवटी चांगलीच फुटली होती.

“काही नाही झालं!” पोरगं मोबाइलमधून ओरडलं.

“तोच! पडायचात दोघंही, पण तू असतास तर रडून घर डोक्यावर घेतलं असतंस.”

“हो ना.”

“हा तरी नीट जप. पुन्हा लाव.”

त्यानं मोबाइल आईच्या कानाशी धरला. शिंपीणबाईंची नजर त्याच्या चेहऱ्याकडे वळली, तसा त्यानं हनुवटीवरचा जुना व्रण तळहातानं झाकला.