पोटाचा साचा

सासरे : पाणी नको. वाटी आधी बाजूला घे.

सून : अहो बाबा, पिल्लाचं तोंड बघा. मिशा चिकटल्यात, ओठ चिकटलेत. दोन घोट प्यायला तर घशातलं धुऊन तरी जाईल.

सासरे : धुऊन नाही जायचं, फुगेल. हा गोंद पाण्यावरच चालतो. फळीवर ओला बोळा फिरवल्याशिवाय मी तो लावत नाही. ओल लागली की भट्टीतल्या पावासारखा वर येतो आणि मग दगड होतो.

सून : पण हा तर पोटात गेलाय.

सासरे : तेच म्हणतोय मी. पोटात काय कोरडं असतं?

सून : अरे देवा. बाबा, बाटली कुठंय? माझ्या हाताला नुसता हा चावलेला तुकडा लागला.

सासरे : दिवाणाखाली आहे. टोपण जसंच्या तसं लागलेलं आहे आणि बूड गायब आहे.

सून : मी ओट्याशी होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून खूश होते. म्हटलं, झोपलं वाटतं बाळ.

सासरे : हे गप्प असलं की समजायचं, काहीतरी दाताखाली आहे. चप्पल झाली, रिमोट झाला. चार्जरची वायर तरी मी पट्टीत घालून भिंतीवर चढवली, नाहीतर त्याच दिवशी आटोपला असता.

सून : ती तुम्ही चढवलीत? मला वाटलं तुमच्या लेकानं.

सासरे : त्याला खिळा सरळ मारता येतो का कधी? चादर आण.

सून : मिठाचं पाणी पाजून ओकवू का? नाही, पाणी नको. नुसतं बोट घालून?

सासरे : माहीत नाही. जे माहीत नाही ते करायचं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लाव, रिक्षात बसून बोल. चल.

(प्राण्यांचा दवाखाना. पिल्लू टेबलावर, चादरीत गुंडाळलेलं.)

डॉक्टर : नाव काय याचं?

सून : भुंगा.

डॉक्टर : भुंगा? एवढा पांढराशुभ्र?

सासरे : लाकूड पोखरतो म्हणून मी म्हणायचो. शिवी म्हणून. यांनी तेच नाव ठेवलं.

डॉक्टर : दुधाचे दात पडताहेत. या वयात हिरड्या शिवशिवतात, मग समोर येईल ते चावतात. पाणी दिलं नाहीत आणि ओकवलं नाहीत, हे फार बरं केलंत. वर येताना गळ्यातच फुगला असता तर मला काही करता आलं नसतं. आता एकच सांगा. बाटलीत गोंद किती होता?

सून : संपत आला होता. तळाला चमचाभर असेल.

डॉक्टर : नक्की?

सून : नक्की. बाटली माझीच होती. बाबा, असं बघू नका माझ्याकडे. सांगते. डॉक्टर, हे सुतारकाम करतात. घरात सहा खुर्च्या आहेत, यांनी सासूबाईंसाठी केलेल्या. सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. पिल्लू आणलं त्या दिवशी बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, खुर्च्यांना दात लागला की कुत्रं परत. आणि यानं नेमका त्याच खुर्चीचा पाय धरला.

डॉक्टर : मग?

सून : मग काय. बाबांच्या शेडमधून संपत आलेली बाटली उचलली, त्यात भुसा कालवला आणि दातांचे खड्डे बुजवले. तेव्हापासून हेच चाललंय. हा चावतो, मी बुजवते. चुकून बाटली खालीच राहिली असणार. बाबा, माझं चुकलं. याला परत द्यायचं तर द्या, पण आधी जगू दे.

डॉक्टर : चमचाभरही वाईटच, ताई. पण एवढ्याशा जिवाला भूल देऊन पोट उघडायचं, तेही सोपं नाही. आत्ता उपाशी ठेवा, पाण्याचा थेंब नको. दुपारी आणा, पोटाचा एक्स-रे फोटो काढू. मधे उलटी झाली तर लगेच या.

सून : चला बाबा. रिक्षा थांबलीय बाहेर. बाबा, उठताय ना?

सासरे : बाटली नवी होती.

सून : कुठली?

सासरे : दिवाणाखालची. काल दुपारी सील फोडलं. काठोकाठ होती म्हण.

सून : नाही हो बाबा, माझी जुनी...

सासरे : तुझी जोड्यांच्या कपाटात आहे. मागच्या कोपऱ्यात, मोज्यात गुंडाळून.

डॉक्टर : एक मिनिट, काका. नवी म्हणजे केवढी?

सासरे : पाव लिटरची. निम्मी फरशीवर सांडली असं धरा. बाकीची आत.

डॉक्टर : मग घरी न्यायचं नाव काढू नका. द्या त्याला माझ्याकडे. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसा.

सून : बाबा.

सासरे : हं.

सून : तुमचं सगळं सामान शेडमध्ये असतं. नवी बाटली दिवाणाखाली कशी आली?

सासरे : भुसा कालवून या गोंदाने कधी खड्डा भरतात का? तू भरलास आणि सकाळपर्यंत तो फुगून बाहेर आला. गळू झाल्यासारखा दिसत होता पाय. तू कामावर गेलीस की मी पटाशीने ते सगळं काढायचो, त्याच लाकडाचा तुकडा कापून गोंदाने बसवायचो, सुकेपर्यंत शिकंजा आवळून ठेवायचो. मग पॉलिश पेपर मारून वर पॉलिशचा हात. तू घरी आलीस की पायावरून बोट फिरवायचीस.

सून : आणि मनात म्हणायचे, काय हात बसलाय माझा. तुमच्या लेकाला म्हणाले देखील, बाबांना कळणारही नाही एवढं साफ काम केलंय.

सासरे : ऐकलं मी ते. हसू आवरेना म्हणून नळ सोडून तोंड धूत बसलो.

सून : तुम्ही बोलला का नाहीत पण? रोज छातीत धडधडत घरी यायचे मी.

सासरे : काय बोलणार? दात लागला की परत, असं चार माणसांत बोलून बसलो होतो. मी खुर्ची पाहिली म्हटलं असतं, तर याला परत द्यावं लागलं असतं. म्हणून मी पाहिलीच नाही.

सून : आणि ही बाटली?

सासरे : काल तू लवकर आलीस. फाटक वाजलं, मी गडबडीत शिकंजा दिवाणामागे टाकला आणि बाटली खाली सरकवली. टोपण घट्ट केलं होतं. टोपणाचा विचार केला, दातांचा नाही केला.

सून : बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच...

सासरे : तुझा नवरा रांगायला लागला तेव्हापासून मी एकही हत्यार कमरेखाली ठेवलेलं नाही. पटाशी खुंटीला, गोंद माळ्यावर. कारागीर हसायचे मला. आणि काल आपल्याच घरात चोरासारखा लपवाछपवी करताना ती सवय कुठे गेली कुणास ठाऊक.

डॉक्टर : काका, ताई, आत या. हा फोटो बघा. हे सगळं राखाडी दिसतंय, मधे मधे बुडबुडे. नवख्याला वाटेल, पिल्लू पोटभर जेवलंय. सकाळी काय दिलं होतंत?

सून : काहीच नाही. मी वाटीच भरत होते.

डॉक्टर : मग हे जेवण नाही.

सून : एवढं? पण आत्ताच तर... घरातून निघालो तेव्हा पोट हाताला मऊ लागत होतं.

डॉक्टर : आता लावून बघा हात.

सून : बाबा, फळीसारखं लागतंय हो.

सासरे : जगेल?

डॉक्टर : गोळा एकसंध असला आणि पोटाला भोक पडलेलं नसलं, तर बहुतेक पिल्लं जगतात. भोक असेल तर आत्ता काही सांगता येणार नाही. तुमचा होकार हवा.

सासरे : करा.

(बाहेरचा बाक. आत ऑपरेशन चालू.)

सून : बाबा, बसा ना. दारापर्यंत जाता आणि परत येता. भोवळ येईल.

सासरे : त्याचा तो चावलेला पट्टा कुठंय?

सून : तुमच्याच हातात आहे.

सासरे : हो का.

सून : लेकाचा फोन आला होता तुमच्या. म्हणाला, बाबा चिडलेत का? मी म्हटलं, नाही, वेगळंच काहीतरी झालंय, घरी आल्यावर सांगते. दार उघडलं बघा.

डॉक्टर : काका, हात पुढे करा. घाबरू नका, धुतलाय.

सून : ई, हे काय? त्याचं पोट काढलंत?

डॉक्टर : पोट नाही, गोंद. पोटभर फुगला आणि तिथेच घट्ट झाला. हे बघा, इथे वरून अन्न येतं. इथे आतड्याकडे वळतं. आतल्या वळ्यासुद्धा उमटल्यात.

सासरे : साचा उतरलाय.

डॉक्टर : हुबेहूब. अखंड निघाला, ते बरं झालं.

सासरे : वजनच नाही याला.

डॉक्टर : निम्मी हवाच आहे त्यात.

सून : आणि तो? डॉक्टर, तो कसा आहे?

डॉक्टर : भोक नव्हतं. श्वास नीट चालू आहे. शुद्धीवर यायला वेळ लागेल, आज इथेच राहू दे. आणि ऐका, दात येईपर्यंत तो चावणारच, ओरडून उपयोग नाही. तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं, टणक रबराचं काहीतरी द्या. लाकूड नको, सालपं निघतात. बाकी सगळं उंचावर. एकटा असेल तेव्हा रिकाम्या खोलीत, दाराला आडवी जाळी.

सासरे : जाळी मी करतो. हा गोळा नेऊ का?

डॉक्टर : न्या. पण कशाला हवाय?

सासरे : माळ्यावर ठेवीन, गोंदाच्या बाटलीच्या शेजारी.

सून : बाबा, एक सांगायचं राहिलं. सासूबाईंच्या खुर्चीचा मागचा डावा पाय सकाळी पुन्हा चावलाय त्यानं. मी अजून बुजवला नाही.

सासरे : पाहिला मी. राहू दे तसाच.