सव्वा महिन्याची रजा

तुझ्या सुनेला तीन महिन्यांची रजा मिळाली ना? मला मिळणार होते दहा दिवस! सन पन्नासच्या सुमारास मी वसईच्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होते आणि मला आठवा लागला होता. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, "नियमात बाळंतपण बसत नाही. दहा दिवस घे, नाहीतर जागा सोड."

"जागा सोडणार नाही," मी म्हटलं, "आणि दहा दिवसांत येणारही नाही."

त्यांनी माझा सव्वा महिन्याच्या रजेचा अर्ज न वाचताच परत केला.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी होळी गावची एक बाई बाळंतीण सुनेपाशी बसली होती. म्हणाली, "वाडीला पानी कोन लावनार? दहा दिवसांनी हिला कामाला लावनार."

साहेब कडाडले, "सव्वा महिना हिनं कळशीसुद्धा उचलायची नाही! सून आहे की बैल?" मग माझ्याकडे वळले, "डॉक्टर, समजवा यांना."

सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "मावशी, सव्वा महिना तुमच्या सुनेला. मला साहेबांनी दहाच दिवस दिलेत."

मावशीने माझं पोट पाहिलं, मग साहेबांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "अग बया! मंजे हिची सासू तुमीच काय?"

अर्ज माझ्या खिशातच होता. साहेबांनी तिथेच, खाटेच्या कडेवर ठेवून सही केली. सव्वा महिना.

पण नर्सा ऐकतात होय! साहेब निवृत्त होईपर्यंत त्यांचा राउंड आला की कुजबुज व्हायची, "सासूबाई आल्या."