देवळाच्या दारातली बादली

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या आमच्या ऑफिसात रोज लंचला सगळे जपानी कॉम्प्युटर चिप्सच्या नावाने शंख करायचे. मला यार ते कधी जमलंच नाही, आणि त्याला कारण आमची आई.

तिला पहिल्यांदा अमेरिकेला आणताना वाटेत एक दिवस क्योटोत थांबलो. देवळं दाखवायला फक्त आमच्यापुरते एक गाईड ठरवले होते. साठीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा सूट. पहिल्याच देवळाच्या दारात हात धुवायचं दगडी कुंड होतं. गाईड काही सांगायच्या आत आईने चपला काढल्या, लाकडी डाव उचलला आणि खुशाल एक पाय धुतलासुद्धा!

"आई, इथे नुसते हात धुतात!"

"आणि पाय? तसेच घेऊन देवापुढे जायचं?"

लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाईडनी मात्र तिच्या हातातून डाव घेतला आणि वाकून दुसऱ्या पायावर स्वतः पाणी घातलं. मग "एक मिनिट हं" म्हणून कुठेतरी फोन करून आले.

दुसऱ्या देवळात पोचलो, तर दारातच पाण्याची बादली, डाव आणि घडी घातलेला पांढराशुभ्र टॉवेल!

"बघ," आई मला म्हणाली, "धुतात की नाही पाय?"

मी गाईडना हळूच विचारलं, "ही या देवळाची पद्धत आहे?"

ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "हो. आजपासून."